भंगारात भाव नाही, तेच द्या
कचऱ्याचा हिशेब : लेखांक ९

ओल्या कचऱ्याचं गेल्या आठवड्यात झालं. आता माळ्यावरच्या त्या खोक्याकडे वळू, जे टाकवत नाही आणि ठेवायलाही जागा नसते. त्यात सनमायकाचे नमुने असतात, उरलेल्या चार फरशा, सोफ्याच्या कापडाच्या पट्ट्या, बटणं, पडद्याच्या कड्या. ‘कुणाच्या तरी कामाला येईल’ म्हणून ठेवलेलं सगळं. पण कुणाच्या?

बंगळूरचं एचएसआर लेआउट यासाठी चांगलं उदाहरण आहे. होसूर आणि सर्जापूर रस्त्यांवरून नाव पडलेली ही वस्ती आयटीवाल्यांची, स्टार्टअपवाल्यांची. भाडेकरू बदलत राहतात, कुठे ना कुठे इंटिरियरचं काम चालू असतं आणि फूटपाथवर प्लायच्या तुकड्यांची पोती दिसतात. कचरा हा विषय इथल्या लोकांना नाकानं शिकवला. जवळच १९७५ सालचा सरकारी खतप्रकल्प आहे आणि त्याच्या वासापायी रहिवाशांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. याच भागात आता स्वच्छाग्रह कलिका केंद्र आहे, घरच्या घरी खत कसं करायचं ते प्रत्यक्ष दाखवणारं. डिसेंबर २०१५मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ‘दोन डबे, एक पिशवी’ ही पद्धत शहराला बंधनकारक केली: ओल्याला हिरवा डबा, सॅनिटरी कचऱ्याला लाल, सुक्याला पिशवी.

ही पिशवी पुढे सुका कचरा संकलन केंद्रात जाते. अशी केंद्रं चालवणाऱ्या कचरावेचकांच्या मागे ‘हसिरू दळा’ ही संघटना उभी आहे, आणि तिचं मूळ शोधत गेलं तर आपण पुण्यात पोचतो. १९९३मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी करणाऱ्यांत नलिनी शेखर होत्या. पुढे बंगळूरला त्यांनीच हसिरू दळाची उभारणी केली.

केंद्रात वर्गीकरण करणाऱ्या बाईला विचारा, काय विकलं जातं. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या. सनमायका, फरशी, कापडाच्या चिंध्या यांना कुणी विचारत नाही. माझं म्हणणं सगळं इथेच आहे. ज्याला भंगारात भाव आहे ते भंगारातच जाऊ द्या, त्यावर कुणाची तरी चूल पेटते. ज्याला भाव नाही पण आकार शाबूत आहे, ते करणाऱ्या हातांना द्या. ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून बाटलीला रंग, टिकल्या, लोकर चिकटवून केलेली फुलदाणी दोन महिन्यांनी कचऱ्यातच जाते, आणि आता ती पुनर्चक्रणालाही चालत नाही. मूळ बाटली चालली असती.

करणाऱ्याला नेमकं काय लागतं, हे टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या कामात स्पष्ट दिसतं. १९७८च्या सुमारास पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेतली, तिचे छोटे तुकडे कापले आणि दोन्ही बाजूंनी आगकाड्या खुपसल्या. झाला वाकणारा सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडून तिरपा होतो. त्याला कर्णावर एक काडी द्या, तोही ताठ. पूल आणि छपरं त्रिकोणांनी का भरलेली असतात, हे मुलाला हातानं कळतं. पुढे २००३पासून पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी खेळणी शेकड्यांनी केली. यात गंमत एकाच गोष्टीची आहे: वस्तू क्षुल्लक, पण एकसारखी आणि भरपूर.

म्हणून देताना खोकं जसंच्या तसं नेऊन टेकवू नये. तीस मुलांच्या वर्गाला तऱ्हेतऱ्हेच्या पाच झाकणांचा काही उपयोग नाही; एकाच मापाची साठ असतील तर चाकं होतात. धुऊन, वाळवून, एका जातीचं एका पिशवीत, वर माप आणि संख्या लिहून. प्लायच्या तुकड्यांतले खिळे काढून. सुतार काम संपवून जायच्या आधीच त्याला वेगळं पोतं देऊन ठेवलं तर निम्मं काम तोच करतो. एकदा डेब्रिजमध्ये मिसळलं की संपलं. जुन्या कपड्यांचं प्रकरण वेगळं, ते पुढच्या लेखांकात.

काही गोष्टी मात्र द्यायच्याच नाहीत. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. बॅटऱ्या ई-कचऱ्यात. जुन्या रंगवलेल्या खिडक्यांचं लाकूड देखणं असतं, पण घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून आली. त्याआधीचा रंग मुलांच्या हाती पॉलिश पेपर देऊन घासायला लावू नये.

देणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणं हे स्वतंत्र काम आहे. न्यूयॉर्कमध्ये त्याची सुरुवात १९७८मध्ये एका फ्रिजपासून झाली. सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयाला औषधं ठेवायला फ्रिज हवा होता. नगरपालिकेच्या सांस्कृतिक विभागात काम करणाऱ्या अँजेला फ्रिमाँट या चित्रकर्तीनं रेडिओवरून तो मागितला आणि देणारे पुढे आले. त्यातून उभं राहिलेलं ‘मटेरियल्स फॉर द आर्ट्स’ आजही शाळांना आणि कलावंतांना सामान पुरवतं.

आपल्याकडे एवढं गोदाम नसलं तरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काम होतं. फोटो शेजारी पट्टी ठेवून काढा, संख्या लिहा, कधीपर्यंत न्यायचं ती तारीख टाका. जवळची शाळा, शिवणवर्ग, नाटकाचा नेपथ्यकार यांना आधी विचारा. समोरच्यानं ‘नको’ म्हटलं तर राग मानू नये. सामान ठेवायला त्यांनाही जागा भाड्यानंच घ्यावी लागते, आणि एचएसआरमध्ये भाडं काय चाललंय हे तिथल्या भाडेकरूला वेगळं सांगायला नको.