अपूर्णांकांचे पाढे

अपूर्णांकांचे पाढे म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच व साडेतीन या संख्यांचे पाढे होत. मराठी शाळांमध्ये पूर्वी ते पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर तोंडपाठ करून घेतले जात. बीड जिल्ह्यासह मराठवाड्यातील आणि उर्वरित महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या शालेय गणिताच्या आठवणींत या पाढ्यांना विशेष स्थान आहे.

रचना
या पाढ्यांना अनुक्रमे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी अशी नावे आहेत. ‘औट’ म्हणजे साडेतीन. ‘औट घटकेचा राजा’ या वाक्प्रचारात हाच शब्द आढळतो. सवायकीत बाराचे उत्तर पंधरा, अडीचकीत साताचे साडेसतरा, तर औटकीत आठाचे अठ्ठावीस येते.

उपयोग व ऱ्हास
रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि मणाचे ४० शेर अशी कोष्टके प्रचलित असताना बाजारातील बहुतेक हिशेब पाव व अर्ध्याच्या पटीत होत. त्यामुळे पाढे येणाऱ्यास पाटी-पेन्सिलीवाचून हिशेब करता येई. बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात असल्याने तेथे संस्थानाचे हाली नाणे चाले. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार रुपये असा विनिमयाचा दर असल्याने संस्थानाबाहेरील व्यवहारात आणखी एक गणित करावे लागे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि पुढे किलोग्रॅम, लिटर ही मापे रूढ झाली. त्यानंतर या पाढ्यांची व्यावहारिक गरज घटली. तथापि ४० गुंठ्यांचा एकर बोलण्यात टिकून असल्याने ‘सव्वा एकर म्हणजे ५० गुंठे’ असा हिशेब ग्रामीण भागात आजही तोंडी होतो.

प्रौढांच्या आठवणी
शाळेत एकसुरात म्हटलेले पाढे, तिन्हीसांजेचा परवचा आणि चुकल्यास बसणारी छडी हे या आठवणींचे नेहमीचे घटक आहेत. पाठांतरामुळे हिशेब पक्का झाला असे काही जण मानतात, तर भीतीमुळे गणिताशी कायमचे वैर जडले असे इतर सांगतात. पाठांतराने उत्तर वेगाने मिळते; ते तसेच का येते, हे मात्र स्वतंत्रपणे समजून घ्यावे लागते.

अशा आठवणींचा सार्वजनिक प्रभाव २०१९ मध्ये दिसून आला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असे वाचन देण्यात आले. मराठीत एकक आधी उच्चारला जातो, लिहिताना मात्र दशक आधी येतो. ही विसंगती आणि जोडाक्षरांची अडचण टाळणे हा बदलामागील विचार असल्याचे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी स्पष्ट केले. ‘आम्हीही असेच शिकलो’ हा विरोधकांचा एक प्रमुख सूर होता.

ऊसतोड कामगार व गणित
गणिताच्या शालेय आठवणी सर्वांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडणीसाठी मोठ्या प्रमाणावर स्थलांतर होते. गळीत हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. हा काळ शालेय वर्षाच्या ऐन मध्यात येतो. आईवडिलांसोबत फडावर जाणाऱ्या मुलांचा अभ्यास त्यामुळे खंडित होतो. गणितात प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असल्याने हा खंड भरून काढणे अवघड जाते. मुलांना गावातच राहता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना राबविली जाते.

मोठेपणी याच व्यक्तींना मुकादमाकडून घेतलेली उचल, तोडलेल्या उसाचे वजन आणि टनामागील दर यांचा मेळ घालावा लागतो. उदाहरणार्थ, टनास ३०० रुपये दर धरल्यास साडेतीन टनांचे १,०५० रुपये होतात. औटकीतील ‘तिनाचे साडेदहा’ ते हेच. हा हिशेब ज्याला स्वतः करता येत नाही, त्याला उचल किती फिटली हे जाणण्यासाठी दुसऱ्याच्या वहीवर विसंबावे लागते.