पोटावरील नवी वाट

आजचा विषय चारचौघांत काढावयास आपण संकोचतों. पण त्या संकोचापायीं प्राण गमावण्याची वेळ येते, म्हणून बोलतों.

मोठ्या आंतड्याचें काम उरलेल्या अन्नांतील पाणी शोषून मल पुढें सरकविण्याचें. कर्करोगानें ही वाट बंद झाली, आंतडें फुटलें किंवा मूल गुदद्वारावांचूनच जन्मलें, म्हणजे मल कोंडतो अथवा पोटांत सांडतो. अशा वेळीं शस्त्रवैद्य आंतड्याचें तोंड पोटाच्या त्वचेवर आणून शिवतात. हीच कोलोस्टोमी. मल तेथें लावलेल्या पिशवींत जमतो. खालचा भाग बरा झाल्यास आंतडें पुष्कळदां पुन्हां जोडतां येतें; गुदाशयच काढावा लागला, तर हें द्वार कायमचें राहतें.

फ्रान्समधील ब्रेस्त येथें १७९३ सालीं ड्युरे या शस्त्रवैद्यानें गुदद्वार नसलेल्या नवजात बालकावर ही शस्त्रक्रिया केली. तें ४५ वर्षें जगलें.

तें तोंड तांबडें व ओलसर असतें. स्पर्श केल्यास दुखत नाहीं. बरा झालेला रुग्ण स्नान, भोजन, प्रवास, नोकरी सर्व करूं शकतो. म्हणून वैद्यांनीं ही शस्त्रक्रिया सांगितली असतां लाजेनें दिवस घालवूं नयेत. आणि घरच्यांनीं विटाळ मानून रुग्णाचें ताट निराळें मांडूं नये.