शेवाळाचा पापड

तायांनो, शेवाळाचा पापड कधी ऐकलाय का? तुम्ही म्हणाल, शेवाळावरून पाय घसरतो, ते खायचं कसं? पण लाओस देशात हा पापड आवडीने खातात, आणि तो करण्यात बायकाच पुढे असतात.

थायलंड आणि व्हिएतनाम यांच्या मधला हा देश. समुद्र नाही, पण मेकाँग ही मोठी नदी आहे. उत्तरेकडच्या लुआंग प्रबांग भागात पावसाळा सरला की नदीचं पाणी उतरतं, निवळतं. ऊन तळाच्या दगडांपर्यंत पोचतं आणि दगडांवर केसांसारखं लांब, हिरवं शेवाळ वाढतं. बायका पाण्यात उतरून ते हाताने काढतात.

खरं कष्टाचं काम पुढेच. वाळू-कचरा निघेपर्यंत शेवाळ पुन्हा पुन्हा धुवायचं. थोडी जरी कच राहिली तरी खाताना दाताखाली येणारच. मग ते पातळ पसरायचं, वरून तीळ, लसणाच्या आणि टोमॅटोच्या चकत्या लावायच्या आणि कडक उन्हात वाळवायचं. खाताना तुकडे करून क्षणभर तेलात सोडायचे, की झाला कुरकुरीत. त्याला तिथे खाय-फेन म्हणतात.

सोबत तिखट मिरचीची चटणी आणि चिकट भात. हा भात आपल्यासारखा शिजवत नाहीत. तांदूळ आधी भिजत घालतात, मग बांबूच्या टोपलीत वाफवतात. हाताने छोटा गोळा करायचा, चटणीत बुडवायचा आणि खायचा. याच तांदळाची दारूही गाळतात. तिला लाओ-लाओ म्हणतात.

आता मुद्द्याचं. या पापडाचा कच्चा माल कुठल्या दुकानात मिळत नाही. त्याला उथळ, स्वच्छ, वाहतं पाणी लागतं. लुआंग प्रबांगच्या खालच्या अंगाला सायाबुरी धरणाची वीज 2019 पासून सुरू झाली. धरणामुळे पाणी तुंबलं, वर चढलं, की दगडांवर ऊन पोचत नाही आणि शेवाळ धरत नाही. हात तेच, कृती तीच, पण नदी बदलली तर पापड कशाचा करायचा?

आपण मालाचं पॅकिंग, लेबल, भाव यांवर खूप बोलतो. ते हवंच. पण पुढच्या मासिक बैठकीत एक प्रश्न जरूर घ्या : आपल्या गटाचा माल कुठल्या पाण्यावर, रानावर, झाडावर उभा आहे, आणि त्याची राखण कोण करतंय? उत्तर इतिवृत्तात लिहून ठेवा.