आधी पाण्याची वाट, मग हिरवळ

वऱ्हाळ तलावाकाठच्या कामतघरात एकीकडे यंत्रमागांची खडखड, तर दुसरीकडे बैठ्या घरांमागे थोडेफार परसदार अजून टिकून आहे. बहुतेक ठिकाणी तिथे जुने पत्रे, फुटकी बादली आणि पावसाळ्यात घोटाभर चिखल. बाग करायची म्हणून मंडळी थेट रोपवाटिकेत जातात अन् दिसेल ते एकेक रोप उचलून आणतात. त्याने बाग होत नाही, गर्दी होते!

पहिला विचार पाण्याचा करावा. आपल्या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तो भिंतीशी साचला की घरात ओल आलीच. म्हणून जमिनीला घरापासून बाहेरच्या बाजूला, दर १० फुटांना २ इंच उतार द्यावा. मागच्या दारापासून मोरीपर्यंत आणि कपडे वाळत घालण्याच्या जागेपर्यंत, म्हणजे गृहिणीचा पाय दिवसातून पन्नासदा पडतो तिथे, मुरूम ठोकून वर २ इंच बारीक खडी पसरावी. कडेला विटा उभ्या पुरल्या की खडी गवतात शिरत नाही.

हिरवळीचा हट्ट बेताने धरावा. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी हंडे मांडून बसणाऱ्यांनी गवताला पाणी आणायचे कुठून? लेकरांना बसण्यापुरता ८ बाय ८ फुटांचा उन्हातला तुकडा पुरे. त्यात जूनमध्ये आपली साधी हरळी लावावी. उन्हाने वाळली तरी पहिल्या पावसाला ती पुन्हा फुटते.

मोरीचे पाणी केळी आणि अळूकडे वळवावे. फिनेलचे मात्र नको. शेवग्याची फांदी ठिसूळ, तेव्हा तो घरापासून दूरच्या कोपऱ्यात बरा. गवती चहाचे ठोंब खडीच्या कडेने, हिरवळीच्या टोकाला आणि केळीपाशीही लावावेत. एकच झाड ठिकठिकाणी दिसले की सारे परसदार एक वाटते, आणि चहाचीही सोय होते.

बोधिवृक्ष दारी असावा असे अनेकांना वाटते. पण पिंपळाची मुळे भिंत आणि पाया फोडतात. त्याची जागा विहाराच्या मोकळ्या पटांगणात.

कुंड्यांखालच्या बशा मात्र दर आठवड्याला उपड्या करून घासाव्यात. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास साधारण ८ ते १० दिवसांत तयार होतो.