*पिकअपला जादा पाटा घालण्याआधी हे वाचा*



मी मेकॅनिक नाही, पण केंद्रावर तुमचा माल उतरताना रोज बघते, म्हणून लिहितेय. लोड घेतल्यावर गाडी मागून बसते म्हणून बरेच जण कमानीत एक पाटा वाढवतात. त्याने काय होतं?

▪️ भरलेली गाडी कमी बसते, हे खरं. पण कमान कडक होते. रिकामी किंवा अर्धी भरलेली गाडी खड्ड्यात उडते, ओल्या रस्त्यावर वळणात मागून घसरू शकते.
▪️ तेच हादरे मालाला बसतात. मागच्या कॅरेटमधले टोमॅटो दबतात आणि ग्रेडिंगला बाद होतात.
▪️ गाडीची क्षमता वाढत नाही. ब्रेक, टायर, अ‍ॅक्सल तेच राहतात. वजन आरसी बुकाप्रमाणेच भरा.

*आधी हे करा 👇*
१) शॉकअप बघा. तेल गळत असेल तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. गाडी डुलण्याचं हे मोठं कारण.
२) तडकलेला पाटा, झिजलेले बुश, ढिला यू-बोल्ट तपासा.
३) टायरची हवा गाडीवरच्या तक्त्याप्रमाणे, लोडनुसार ठेवा.
४) जड कॅरेट केबिनकडे, हलके मागच्या फाळक्याकडे लावा.

एवढं करूनही गाडी बसतेच आणि वजनही मर्यादेत आहे, तर पाटा जरूर घाला. पण दोन्ही बाजूंना सारखाच. दोन-तीन खेपांनंतर यू-बोल्ट परत आवळून घ्या. मागच्या ब्रेकला लोडचा व्हॉल्व्ह असेल तर तोही सेट करून घ्या.

पाट्याचा खर्च एकदाच होतो, दबलेल्या मालाचं नुकसान प्रत्येक खेपेला होतं.

– तुमची कृषी सल्लागार