मामा कोणाचे?

२०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्याची २३ तारीख. दुपारची पाने अद्याप मांडावयाची होती. आम्ही बारामतीच्या आमच्या घरी झोपाळ्यावर बसून, आपले कोणावाचून काही अडत नाही अशा मुद्रेने वर्तमानपत्र चाळीत होतो. इतक्यात आमचे कनिष्ठ चिरंजीव हातातला दूरध्वनी उंच धरून, "मामा आले! मामा आले!" असे ओरडत माजघरातून बाहेर धावले. ते ऐकून स्वयंपाकघरात काय घडले ते आम्हांस मागाहून कळले. सौभाग्यवतींनी धुतलेल्या तांदुळात आणखी दीड वाटी तांदूळ घातला, फडताळातून ठेवणीतली चांदीची वाटी काढली, आणि पदराला हात पुशीत त्या दाराशी आल्या. दारात कोणीही नव्हते.

चिरंजीवांचा काही अपराध नव्हता. इंदापुरास मामा खरोखरच आले होते. म्हणजे निवडून आले होते. श्री. दत्तात्रय भरणे यांस सारा इंदापूर तालुका मामा म्हणतो, आणि त्या दिवशी ते श्री. हर्षवर्धन पाटील यांस एकोणीस हजारांहून अधिक मतांनी मागे टाकून सलग तिसऱ्यांदा विधानसभेवर गेले. आमच्या सौभाग्यवतींचे माहेरही इंदापूरचे. तेथील त्यांचे बंधू, म्हणजे आमच्या मुलांचे सख्खे मामा, मे महिन्यापासून आमच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते.

परगावच्या वाचकांस आमच्या मुलुखातील ही अडचण एकदम ध्यानात यावयाची नाही. इतर ठिकाणी लोक उमेदवार निवडतात, आमच्याकडे नातेवाईक निवडतात. २०२४ च्या लोकसभेस बारामतीत सामना झाला तो ताई आणि वहिनी यांचा. सौ. सुप्रिया सुळे ह्या ताई, श्रीमती सुनेत्रा पवार ह्या वहिनी, आणि नात्याने त्या एकमेकींच्या नणंद-भावजय. त्याच वर्षीच्या विधानसभेस काका आणि पुतण्या, म्हणजे अजित पवार आणि युगेंद्र पवार, समोरासमोर उभे राहिले. इंदापुरात मामांसमोर भाऊ. हे भाऊ म्हणजे वर सांगितलेले हर्षवर्धन पाटील. २०१४ साली ते काँग्रेसचे, २०१९ साली भारतीय जनता पक्षाचे आणि २०२४ साली तुतारीवाल्या राष्ट्रवादीचे उमेदवार होते. झेंडे तीन झाले, पण मामा तेच आणि भाऊही तेच. आमच्याकडे पक्ष बदलता येतो, नाते बदलता येत नाही, असे इंदापूरचे लोक म्हणत. तोटा झाला तो ज्यांना घरी खरोखरीचे मामा आणि भाऊ आहेत त्यांचा. आमच्या थोरल्या बंधूंस आम्ही लहानपणापासून दादा म्हणतो. त्या वर्षी भर बाजारात "अहो दादा, थांबा!" अशी हाक मारली, की बंधूंखेरीज दहा माणसे वळून पाहत, आणि त्यांतील चार आमच्याकडे अशा नजरेने पाहत की आम्ही मतच सांगून बसलो!

येथे मोरोपंतांची आठवण होते. बारामती हे पंतांचे गाव. १७९४ साली त्यांनी देह ठेवला तो येथेच. एकाच कुळाच्या दोन शाखांचे भांडण आर्यावृत्तात सविस्तर सांगण्यास त्यांना हेच गाव मिळावे, हा योगायोग आम्ही योगायोग म्हणूनच सोडून देतो. परंतु त्यांनी जी अष्टोत्तरशत रामायणे रचली, त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे. ओठांस ओठ लागेल असे अक्षरच त्यात येऊ द्यावयाचे नाही, असा तो नेम. त्या उन्हाळ्यात सारी बारामती निरोष्ठ बोलत होती. "यंदा काय?" असे कोणी विचारले, तर उत्तर म्हणून नुसती मान हले. आणि गंमत पाहा, दादा, ताई, काका ही बारामतीची नाती निरोष्ठ नेमात चपखल बसतात. इंदापूरचे मामा आणि भाऊ मात्र ओठ मिटल्याशिवाय उच्चारताच येत नाहीत. वहिनींच्या वकाराविषयी पंडितांनी निर्णय द्यावा. आम्हांस हे कोणी विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो.

तुतारीचाही असाच घोळ. १९९९ साली स्थापन झालेली राष्ट्रवादी २०२३ च्या जुलैत दुभंगली. पुढील फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने घड्याळ एका घरास दिले, तेव्हा दुसऱ्या घराच्या वाट्यास तुतारी वाजविणारा माणूस आला. पाहावे तो लोकसभेच्या यादीत एका अपक्षासही तुतारीच! त्या चिन्हाचे इंग्रजी नाव ट्रम्पेट. मराठी करणाऱ्याने त्याचीही तुतारी केली. लोक तिला पिपाणी म्हणत. कोशात एक शब्द कमी पडला, की मतपेटीत काय उलथापालथ होते, हे भाषाशास्त्राच्या अध्यापकांनी पुढील वर्गास सांगावे.

असो. आमच्या घरातील भांडण तुतारीवरून झाले नाही, ताई-वहिनींवरूनही झाले नाही; ते पाण्यावरून झाले. अक्षय्यतृतीयेस, १० मे रोजी, दादांच्या नातवाची मुंज होती. मतदान तीन दिवसांपूर्वी उरकले होते आणि निकाल ४ जूनला लागावयाचा होता. भांडणास याहून उत्तम काळ पंचांगात सापडणार नाही. कारण सारे खरे बोलत असतात आणि खोटे कोणीच ठरत नाही. मठ्ठ्याची दुसरी फेरी चालू असता दादा सहज म्हणाले, "काही म्हणा, आमच्या तालुक्यासारखा विकास महाराष्ट्रात नाही."

मेहुणे म्हणाले, "दादा, विकास दिसतो खरा. पण कालव्याचे पाणी तुमच्याकडून आमच्याकडे येईपर्यंत पाणी उरत नाही, त्याचा निरोप तेवढा उरतो."

नीरेच्या डाव्या कालव्यास १८८५ च्या सुमारास पाणी सुटले, तेव्हापासून बारामती वरच्या अंगास आणि इंदापूर शेपटास. कालव्याच्या शेपटाशी राहणे म्हणजे काय, हे पंगतीत शेवटच्या पानावर बसणारासच कळते. तालुक्याच्या दुसऱ्या अंगास भीमेवर उजनीचे धरण झाले. मेहुण्यांच्या वडिलांचे मळे त्या पाण्याखाली गेले. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्याखाली उतरले आणि पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडले, तेव्हा लोक शहरांतून ते पाहावयास आले. मेहुणे आपला बुडालेला बांध शोधीत हिंडत होते. आणि ज्या पाण्यासाठी शेत दिले, त्या पाण्यावर हक्क सोलापूरचा. २०२१ साली उजनीतून इंदापुरास ५ टीएमसी पाणी देण्याचा आदेश निघाला. तेव्हा भरणेमामा इंदापूरचे आमदार आणि सोलापूरचे पालकमंत्री, असे दुहेरी मामा होते. लाडू एक आणि भाचे दोन! सोलापूर खवळले, आदेश मागे घ्यावा लागला. मेहुण्यांचे घराणे कै. शंकरराव पाटलांच्या वेळेपासून भाऊंच्या बाजूचे. तरी त्या दिवशी मामांचीही आपणांस कीव आली, असे ते आम्हांस एकदा खाजगीत म्हणाले होते.

हे सारे दादांस ठाऊक होते. तरी मुंजीच्या पंगतीत यजमानपणाचा ताठा आला, आणि ते बोलून गेले, "पाणी ज्याला वापरता येते, त्याच्याकडेच ते थांबते."

मेहुण्यांनी पानावर चित्राहुतीशेजारी पाणी सोडले, हात धुतले आणि ते निघून गेले. भाताचा शेवटचा घास पानातच राहिला होता. सौभाग्यवती तो घास सहा महिने विसरल्या नाहीत. ताई दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या, आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी अशी इंदापुरास गेली, दिवाळीत भाऊबीज आली. त्या भाऊबिजेस ओवाळणी टपालाने आली. तबक घेऊन सौभाग्यवतींनी चंद्रास ओवाळले. आम्ही त्या वेळी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले होते. त्यात काय छापले होते, ते आम्हांस आजही सांगता येणार नाही.

तर त्या शनिवारी दाराशी कोणी नाही, हे पाहून सौभाग्यवती चिरंजीवांस म्हणाल्या, "मामा कोणाचे रे आले?" मग आत जाऊन त्यांनी स्वतःच इंदापुरास दूरध्वनी लावला. आम्हांस ऐकू आले ते एवढेच: "भात जास्त पडला आहे. टाकून का देऊ?" पलीकडून बराच वेळ काही उत्तर आले नसावे.

मेहुणे आले ते दिवेलागणीस. त्यांचे भाऊ पडले होते, मुद्रा उतरलेली होती आणि सदरा मात्र गुलालाने माखला होता. वाटेत मामांच्या मिरवणुकीने त्यांस गाठले. "भाऊंचा असलास तरी गुलालाला कसली जात," म्हणून पोरांनी मूठ उधळली होती. हातात निमगाव केतकीच्या विड्याच्या पानांचा पुडा होता. तो त्यांनी बहिणीकडे दिला आणि ते झोपाळ्यापासून दूर, खुर्चीच्या अगदी कडेस बसले.

दादा शेजारच्याच घरात राहतात. त्यांस कोणी कळविले ते आम्ही विचारले नाही. ते आले, मेहुण्यांकडे पाहून क्षणभर थांबले, आणि काही न बोलता आत गेले. दादा आयुष्यात कधी स्वतःच्या हाताने पाणी घेऊन पीत नाहीत. ते त्या दिवशी तांब्या-भांडे घेऊन बाहेर आले.

"घ्या," ते म्हणाले. "वरच्या अंगाचे आहे."

मेहुण्यांनी भांडे घेतले. ते रिकामे केले, पुन्हा पुढे केले, दुसऱ्यांदाही रिकामे केले. मग मिशांवरचा गुलाल आणि पाणी एकदमच पुशीत म्हणाले, "दादा, पोहोचले बरे का एकदाचे!"

आतून सौभाग्यवतींनी पाने मांडल्याचा आवाज दिला. भात खरोखरच पुष्कळ जास्त झाला होता.