सायंकाळचा दिवा आणि कोयनेचे पाणी

तिन्हीसांजेला घरात दिवा लावणे हे एकेकाळी कामच होते. कंदिलाची काच राखेने पुसावयाची, वात कातरावयाची, रॉकेल पुरेल ना हे पाहावयाचे. दिवा कशावर जळतो हे घरातील पोरासही ठाऊक असे. आता भिंतीवरील बटण दाबले की काम संपते. ही सोय झाली ते उत्तमच. परंतु बटणापलीकडे डोकावण्याचे कारणच उरले नाही. वीज गेली म्हणजे तेवढी आपण चौकशी करतो, आणि तीही ‘केव्हा येणार?’ एवढीच.

वस्तुत: वीज ही कणगीत भरून ठेवलेल्या धान्यासारखी वस्तू नव्हे. काही वीज बॅटऱ्यांत वा उदंचन प्रकल्पांत साठविता येते. तथापि राज्याला लागणाऱ्या विजेचा फार मोठा भाग ज्या क्षणी वापरावयाचा त्याच क्षणी निर्माण करावा लागतो. हा तोल साधला आहे की नाही, हे विजेच्या कंप्रतेवरून कळते. भारतात ती सेकंदाला ५० आवर्तने इतकी ठरलेली आहे. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर जाळ्याला जोडलेली सारी जनित्रे किंचित मंदावतात व कंप्रता घसरते. उलट झाल्यास ती चढते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे जाळेही उर्वरित देशाशी एका लयीत आले. महाराष्ट्रापुरता हा तोल राखण्याचे काम कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्र अहोरात्र करीत असते.

खरी कसोटी सायंकाळी लागते. दिवे, पंखे, दूरदर्शन संच सारे एकदमच सुरू होतात. औष्णिक केंद्रातील थंड झालेला बाष्पक तापवून जनित्र पूर्ण भारावर आणण्यास कित्येक तास लागतात. जलविद्युत जनित्र मात्र काही मिनिटांत फिरू लागते. म्हणूनच १,९६० मेगावॉट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाचे मोल त्याच्या आकड्याहून अधिक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील शिवसागर जलाशयाचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळविले जाते, साडेचारशे मीटरहून अधिक उंचीवरून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोसळते व पुढे वाशिष्ठीवाटे अरबी समुद्रास मिळते. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशाने नऊ मिनिटे दिवे मालविले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने खाली आली आणि लगेच पुन्हा चढली. ती चढउतार सांभाळण्यात देशातील जलविद्युत केंद्रांचाच मोठा वाटा होता.

हा तोल ढळला म्हणजे काय होते, ते त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईकरांनी पाहिले. सकाळी दहाच्या सुमारास महानगराचा व परिसराचा पुरवठा खंडित झाला आणि उपनगरी गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या दिवशी भार प्रेषणाची चर्चा घरोघर झाली. एरवी ती कोण करतो?

या सोयीची किंमत मात्र सर्वांनी सारखी मोजलेली नाही. शिवसागराच्या पाण्याखाली कोयना खोऱ्यातील गावे गेली, आणि तेथून उठलेल्या काही कुटुंबांच्या पर्यायी जमिनीचे प्रश्न सहा दशकांनंतरही शासनदरबारी चर्चेत होते. पाण्याचेही तसेच आहे. कोयना ही कृष्णेची उपनदी; तिचे पाणी पश्चिमेस नेले की ते पूर्वेकडील शेताला मिळत नाही. म्हणून कृष्णा पाणी तंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. पाऊस ओढ देतो त्या वर्षी हा वाटाही आखडावा लागतो, कारण साताऱ्या-सांगलीकडील सिंचनाची व पिण्याच्या पाण्याची निकड आधी पाहावी लागते. मग पोफळीची जनित्रे कोणत्या दिवशी किती तास चालवावयाची, याचा हिशोब १ जूनला पाणीवर्ष पालटेपर्यंत काटकसरीने चालतो.